फर्माचा सहावा आकडा: ४,२९,४९,६७,२९७

हा भाग कानाने ऐकताना आकडे निसटतात, म्हणून लिहून काढलाय. शक्य असेल तर फोनवरचा कॅल्क्युलेटर उघडा आणि शेजारी ठेवा. आज लागणार आहे.

सुरुवात एका वैतागाने करतो. जुन्या मेमरी कार्डवर किंवा पेन ड्राइव्हवर मोठा पिक्चर कॉपी करायला गेलात आणि 'फाइल फार मोठी आहे' असा मेसेज आलाय कधी? कार्डावर बत्तीस जीबी जागा मोकळी, फाइल पाच जीबीची, तरी जात नाही. कारण कार्ड फॅट-३२ या पद्धतीने फॉर्मॅट केलेलं असतं आणि त्या पद्धतीत एका फाइलचा आकार जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९५ बाइट असू शकतो. एक बाइटही जास्त चालत नाही. संगणक बत्तीस खणांमध्ये शून्य-एक लिहून जो सर्वांत मोठा आकडा मांडू शकतो, तो हा.

या आकड्यात दोन मिळवा. ४,२९,४९,६७,२९७. चारशे एकोणतीस कोटी, एकोणपन्नास लाख, सदुसष्ट हजार, दोनशे सत्त्याण्णव. आजचा भाग या एका आकड्याचा आहे. जगातल्या फार मोठ्या गणितीने याच्याबद्दल एक गोष्ट ठामपणे मानली. ती चूक होती. आणि ती चूक सापडायला ९२ वर्षं लागली.

साल १६४०, गाव तुलूझ, दक्षिण फ्रान्स. पिएर द फर्मा हा माणूस तिथल्या न्यायालयात होता. पोटापाण्याचं काम कायद्याचं, गणित हा फावल्या वेळचा नाद. तेव्हा गणिताची मासिकं वगैरे नव्हती. एकमेकांना पत्रं लिहायची, कोडी घालायची, आणि 'मला उत्तर माहीत आहे, तुम्ही शोधा' असं खिजवायचं. फर्मा यात पटाईत होता.

त्या वर्षी त्याने फ्रेनिक्ल नावाच्या आपल्या मित्राला एक यादी पाठवली. यादी कशी बनते ते बघा, एकदम सोपं आहे. २ घ्या. त्याचा वर्ग ४. चारचा वर्ग १६. सोळाचा वर्ग २५६. त्याचा वर्ग ६५,५३६. त्याचा वर्ग ४,२९,४९,६७,२९६. प्रत्येकात १ मिळवा. काय मिळतं?

३, ५, १७, २५७, ६५,५३७, ४,२९,४९,६७,२९७.

पुढचा वीस अंकी आकडाही त्याने लिहिला होता, १८४४६७४४०७३७०९५५१६१७. फर्माचं म्हणणं असं, की ही अशी कितीही लांब यादी करा, तिच्यातला प्रत्येक आकडा मूळ संख्या आहे. मूळ संख्या म्हणजे जिला १ आणि ती स्वतः सोडून कशानेच निःशेष भाग जात नाही ती. शाळेत आठवतं ना, २, ३, ५, ७, ११...

हे इतकं मोठं विधान का? कारण मूळ संख्या कुठल्याच सूत्रात बसत नाहीत. त्या येतात तेव्हा येतात. 'हे सूत्र घ्या, यातून फक्त मूळ संख्याच बाहेर पडतील' असं कुणी म्हणालं तर गणितात ती लॉटरीच. आणि हे हवेतून आलेलं नव्हतं. २ चा कुठलाही घात घेऊन १ मिळवला तर बहुतेक वेळा गडबड होते. २ चा सहावा घात ६४, अधिक १ म्हणजे ६५, तो ५ आणि १३ मध्ये फुटला. बारावा घात ४०९६, अधिक १ म्हणजे ४०९७, तो १७ आणि २४१ मध्ये फुटला. घातांकात एखादा विषम अवयव असला की संख्या फुटणारच. वाचू शकतात ते फक्त १, २, ४, ८, १६, ३२ असे दुप्पट होत जाणारे घातांक. म्हणजे वरची यादीच. पहिले पाच आकडे तपासले, पाचही मूळ. ६५,५३७सुद्धा हाताने तपासता येतो, २५६ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघायचं, बास.

आता सहावा. तो तपासायचा तर त्याच्या वर्गमुळापर्यंत, म्हणजे ६५,५३६ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागायला हवं. अशा संख्या ६,५४२ आहेत. कागदावर, पिसाच्या लेखणीने, दहा अंकी आकड्याला साडेसहा हजार भागाकार. कोण करेल?

फर्माने केले नाहीत. पण त्याने एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहिली, की माझ्याकडे याची पक्की सिद्धता नाही. बरेच विभाजक मी खात्रीने बाद केलेत, आणि मला इतके धागे मिळालेत की मत बदलणं जड जाईल, अशा अर्थाचं. हे मला फार इंटरेस्टिंग वाटतं. याच माणसाने दुसऱ्या एका प्रमेयाबद्दल पुस्तकाच्या समासात 'सिद्धता मला सापडली आहे पण इथे जागा नाही' असं लिहून पुढच्या लोकांना साडेतीनशे वर्षं कामाला लावलं. ते फर्माचं शेवटचं प्रमेय. ते खरं निघालं. जिथे 'सिद्धता आहे' म्हणाला ते विधान बरोबर, आणि जिथे 'सिद्धता नाही' म्हणाला ते चूक!

चौदा वर्षांनी, १६५४ मध्ये, त्याने पास्कलला लिहिलं की याची सिद्धता तुम्ही शोधा. १६५९ मध्ये कार्काव्हीला पाठवलेल्या पत्रात आपल्या खास पद्धतीने सुटणाऱ्या प्रश्नांच्या यादीत त्याने हेही टाकलं. म्हणजे वय वाढलं तशी शंका वाढायच्या ऐवजी खात्रीच वाढली. १६६५ मध्ये तो गेला. आकडा तसाच पडून राहिला.

इथे तुम्हाला वाटेल की या मधल्या काळात शेकडो लोक या आकड्यावर तुटून पडले असतील. नाही. कुणी तुटून पडलं नाही. फर्मा म्हणाला म्हणजे असेल, असा एकंदर कारभार. आणि खरं सांगायचं तर संख्यांच्या गुणधर्मांत तेव्हा कुणाला रसच उरला नव्हता. सगळे कॅल्क्युलसच्या मागे. तोफगोळे, ग्रह, वक्ररेषा. मूळ संख्यांनी कुणाचं काय पोट भरणार?

मग १ डिसेंबर १७२९. मॉस्कोहून गोल्डबाख नावाचा एक गृहस्थ सेंट पीटर्सबर्गला पत्र लिहितो. पत्र ज्याला लिहिलं तो तिथल्या अकादमीतला बावीस वर्षांचा पोरगा, लिओनार्ड ऑयलर. मुख्य मजकूर वेगळाच होता. शेवटी ताजा कलम म्हणून गोल्डबाख विचारतो, फर्माचं हे निरीक्षण तुम्हाला माहीत आहे का? त्याला सिद्ध करता आलं नाही म्हणतात, आणि माझ्या माहितीत दुसऱ्या कुणी केलेलं नाही.

ऑयलरचं पहिलं उत्तर थंडच होतं. 'बघितलं, काही हाती लागत नाही' या धर्तीचं. गोल्डबाखने विषय सोडला नाही. पुढच्या वर्षी त्याने स्वतःच एक छान गोष्ट दाखवून दिली, की या यादीतल्या कुठल्याही दोन आकड्यांत सामाईक विभाजक नसतो. का, ते आपल्या मेमरी कार्डवरच दिसतं. ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ करा कॅल्क्युलेटरवर. उत्तर येतं ४,२९,४९,६७,२९५. हो, तोच फाइलचा आकार! आणि आपला आकडा त्याहून बरोबर दोनने मोठा. म्हणजे आधीच्या पाचांपैकी कशानेही आपल्या आकड्याला भागलं तर बाकी २ उरते, भाग कधीच जात नाही. (मला हे कळलं तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते आणि सांगायला घरात कुणी जागं नव्हतं.)

गोल्डबाखच्या या पाठलागामुळे ऑयलर फर्माचं लिखाण वाचायला लागला आणि त्याला चटक लागली. १७३२ मध्ये त्याने अकादमीत एक छोटा लेख वाचला, तो छापून आला १७३८ मध्ये. त्यात त्याने सांगितलं, की फर्माचा सहावा आकडा मूळ नाही. त्याला ६४१ ने भाग जातो.

करा. ४२९४९६७२९७ भागिले ६४१.

६७,००,४१७. बाकी शून्य.

९२ वर्षं उभं असलेलं विधान एका तीन अंकी आकड्याने पाडलं. मी हा भागाकार परवा मुद्दाम कागदावर केला, लांब पद्धतीने, शाळेत करायचो तसा. ६४१ चा पाढा बाजूला लिहून घेतला. एकदा चुकलो, पुन्हा केला, तरी सगळा मिळून चहा गार व्हायच्या आत झाला. म्हणजे अवघड भागाकार नव्हता. अवघड होतं ते नेमकं ६४१ ने भागून बघावं हे सुचणं.

ते कसं सुचलं? लेखात ऑयलरने सांगितलं नाही. पुढे, १७५० मध्ये छापलेल्या दुसऱ्या लेखात त्याने युक्ती उघड केली. ती समजायला एक विचित्र घड्याळ डोळ्यांसमोर आणा. त्यावर बारा नाही, तर 'प' इतके तास आहेत, आणि 'प' ही मूळ संख्या आहे. काटा १ वर ठेवा आणि दर पावलाला तो जिथे आहे त्याच्या दुप्पट करा. १, २, ४, ८... घड्याळ ओलांडलं की परत सुरुवातीपासून मोजा. आता समजा 'प' ने आपल्या आकड्याला भाग जातो. आपला आकडा म्हणजे २ चा बत्तिसावा घात अधिक १. म्हणजे बत्तीस पावलांनंतर काटा शून्याच्या एक घर मागे येतो, उणे १ वर. अजून बत्तीस पावलं टाकली की उणे एक गुणिले उणे एक, परत १ वर. चौसष्ट पावलांत फेरी पूर्ण. त्याआधी पूर्ण होऊ शकत नाही, कारण तशी झाली तर बत्तिसाव्या पावलाला काटा १ वर सापडला असता.

आणि एक नियम असा आहे, की मूळ संख्येच्या घड्याळात 'प उणे १' पावलांनी काटा हमखास १ वर येतो. फेरी चौसष्टची आहे, तर 'प उणे १' ला चौसष्टने भाग जायलाच हवा. म्हणजे 'प' असायला हवा चौसष्टच्या पाढ्यातला आकडा अधिक एक.

चौसष्टचा पाढा म्हणा. ६५, नाही, मूळ नाही. १२९, नाही. १९३, हो. २५७, हो. ३२१, नाही. ३८५, नाही. ४४९, हो. ५१३, नाही. ५७७, हो. ६४१, हो!

साडेसहा हजार भागाकार गेले कुठे? उरले पाच. त्यातला २५७ तर गोल्डबाखच्या निरीक्षणाने आधीच बाद. चार भागाकार. पाढ्याच्या दहाव्या ओळीवर उत्तर उभं आहे.

आता या भागातली मला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट. तो नियम, 'प उणे १ पावलांनी काटा १ वर येतो', तो कुणाचा? फर्माचाच. आज त्याला फर्माचं छोटं प्रमेय म्हणतात. त्याने तो १८ ऑक्टोबर १६४० च्या पत्रात लिहिला, त्याच फ्रेनिक्लला, त्याच वर्षी! आणि ही युक्ती त्याने दुसऱ्या एका आकड्यावर वापरूनही दाखवली होती. २ चा सदतिसावा घात उणे १, म्हणजे १,३७,४३,८९,५३,४७१. त्याला २२३ ने भाग जातो हे त्याने याच पद्धतीने शोधलं. तिथे सदतीसच्या दुपटीचा, म्हणजे चौऱ्याहत्तरचा पाढा. ७५, १४९, २२३. तिसऱ्या ओळीवर सापडला.

म्हणजे किल्ली त्याच्या खिशात होती, कुलूप समोर होतं. मग झालं काय? माझा अंदाज सांगतो, अंदाजच आहे. 'बरेच विभाजक खात्रीने बाद केले' असं तो लिहितो, म्हणजे त्याने काही भागाकार केलेच असणार. ते करताना ६४१ च्या भागाकारात हातचा चुकला असेल, बाकी शून्याच्या जागी काहीतरी उरली असेल, आणि तो पुढे गेला असेल. आपण सगळे जातो तसा. एकदा तपासलं म्हणजे तपासलं. नंतरच्या १९ वर्षांत त्याने तो कागद पुन्हा काढला नाही. फर्मा मूर्ख होता असं मला मुळीच म्हणायचं नाही. ज्याला नमुना दिसतो त्याला त्या नमुन्याचं प्रेम बसतं, आणि पाच पैकी पाच बरोबर आल्यावर सहाव्याला दोनदा कोण तपासतं?

ज्यांना भागाकाराचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी एक गंमत. ६४१ ने भाग जातो हे भागाकार न करता दाखवता येतं. ६४१ दोन तऱ्हेने लिहा. ६४० अधिक १, आणि ६४० म्हणजे ५ गुणिले १२८. दुसरी तऱ्हा, ६२५ अधिक १६. पहिल्यावरून, ६४१ तासांच्या घड्याळात ५ × १२८ म्हणजे उणे १. दोन्हींचा चौथा घात घ्या. पाचचा चौथा घात ६२५, १२८ चा चौथा घात म्हणजे २ चा अठ्ठाविसावा घात, आणि उणे एकचा चौथा घात १. पण त्याच घड्याळात ६२५ म्हणजे उणे १६, दुसऱ्या तऱ्हेवरून. उणे १६ गुणिले २ चा अठ्ठाविसावा घात, म्हणजे उणे २ चा बत्तिसावा घात. ते आलं १ च्या बरोबर. म्हणून २ चा बत्तिसावा घात उणे १, आणि त्यात एक मिळवला की शून्य. ही ऐकताना नाही कळणार, दोनदा वाचा, कळेल.

१८१२ मध्ये लंडनमध्ये एक आठ वर्षांचा अमेरिकन मुलगा आला, झेरा कोलबर्न. बाप त्याला गावोगाव फिरवून त्याचे तोंडी हिशेबाचे प्रयोग लावायचा. जाणकारांनी त्याला आपला आकडा दिला, फोड म्हणून. मुलाने ६४१ आणि ६७,००,४१७ सांगितले, कागद न वापरता, असं त्या वेळच्या वृत्तांतात आहे. उत्तर छापील पुस्तकांत सत्तर-ऐंशी वर्षं होतंच, तेव्हा शंकेला जागा आहे. पण त्याच वृत्तांतात २,४७,४८३ म्हणजे ९४१ × २६३ असंही त्याने सांगितल्याचं आहे, त्यामुळे सगळीच बनवाबनवी नसावी. मोठेपणी ती ताकद ओसरली, तो धर्मोपदेशक झाला आणि चाळिशीआधीच वारला. बापाच्या खेळाचा त्याला काय फायदा झाला, ते वेगळ्या भागात बोलू.

पण फर्माची ही यादी वाया गेली का? इथे गोष्ट वळण घेते. ३० मार्च १७९६ ला अठरा वर्षांच्या गाउसला कळलं, की फक्त कंपास आणि पट्टीने सतरा बाजूंचा सुसम बहुभुज काढता येतो. ग्रीकांपासून दोन हजार वर्षांत हे कुणाला माहीत नव्हतं. आणि त्याने सांगितलेला नियम असा, की विषम बाजूंचा बहुभुज काढायचा तर बाजूंची संख्या फर्माच्या यादीतली मूळ संख्या हवी, किंवा तशा वेगवेगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार. त्याशिवाय जमतच नाही, ही बाजू वांत्झेलने १८३७ मध्ये पक्की केली. हर्मीस नावाच्या जर्मन गृहस्थाने तर ६५,५३७ बाजूंची कृती दहा वर्षं खपून लिहिली. १८९४ चं ते बाड गटिंगन विद्यापीठाने जपून ठेवलंय.

फर्माचं म्हणणं खरं असतं तर ४,२९,४९,६७,२९७ बाजूंचा बहुभुजही पट्टी-कंपासने निघाला असता. ६४१ मुळे तो गेला. मात्र दोन पायऱ्या खालचा, ४,२९,४९,६७,२९५ बाजूंचा, निघतो, कारण तो पाचही मूळ संख्यांचा गुणाकार आहे. विषम बाजूंचा, काढता येतो असं आपल्याला माहीत असलेला सर्वांत मोठा बहुभुज तोच. मेमरी कार्ड आणि ग्रीक भूमिती एकाच आकड्यावर येऊन थांबतात.

आणि ६५,५३७ तर रोज तुमच्या फोनमध्ये असतो. सुरक्षित साइट उघडताना आरएसए पद्धतीची किल्ली वापरली जाते, तिच्या सार्वजनिक भागात बहुतेक वेळा हाच आकडा बसवलेला असतो. मूळ आहे, पुरेसा मोठा आहे, आणि संगणकाच्या भाषेत त्यात दोनच एक आहेत, बाकी शून्य, म्हणून हिशेब पटकन होतो.

मग सहाव्यानंतरच्या आकड्यांचं काय? फर्माने लिहिलेला तो वीस अंकी सातवा आकडा लांद्री नावाच्या फ्रेंच माणसाने १८८० मध्ये फोडला, २,७४,१७७ आणि ६७२८०४२१३१०७२१. तेव्हा लांद्री ८२ वर्षांचा होता. आठवा फुटला १९७० मध्ये, संगणकावर. आज परिस्थिती अशी आहे, की पहिल्या पाचांनंतर एकही मूळ सापडलेला नाही. गणिती यादीची मोजणी शून्यापासून करतात, त्यामुळे आपला आकडा त्यांच्या भाषेत पाचवा. त्या मोजणीने पाचव्यापासून बत्तिसाव्यापर्यंत सगळे फुटतात हे पक्कं आहे. त्यातल्या विसाव्या आणि चोविसाव्याची गंमत अशी, की ते मूळ नाहीत हे सिद्ध झालंय पण त्यांचा एकही विभाजक कुणाच्या हाती लागलेला नाही. तेहतिसावा मूळ आहे की नाही, कुणालाच माहीत नाही. तो लिहायलाच सुमारे २५८ कोटी अंक लागतात. प्रत्येक अंकाला एक बाइट धरला तर फाइल होईल अडीच जीबीच्या आसपास.

म्हणजे फॅट-३२ च्या कार्डवर ती मावते. चला, भेटू पुढच्या भागात. कॅल्क्युलेटर बंद करा आता.